कॉपी शंभर टक्के झाली, तरी पेन ड्राइव्ह का सुटत नाही?

फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात, फोटो स्टुडिओत किंवा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात लिनक्सवर काम करणाऱ्यांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. दीड जीबीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकायला घेतला की कॉपीची पट्टी काही सेकंदांत टोकाला पोहोचते आणि खिडकीही बंद होते. मग ‘इजेक्ट’ दाबले की सूचना येते: अजून लिहिणे चालू आहे, ड्राइव्ह काढू नका. ही सूचना दोन-अडीच मिनिटे जागची हलत नाही. ज्याला घाई असते तो ड्राइव्ह उपसून निघतो, दुसऱ्या संगणकावर फाइल अर्धवट निघते आणि सगळा दोष पेन ड्राइव्हच्या माथी जातो.

पेन ड्राइव्ह बहुधा निर्दोष असतो, आणि ‘कॉपी झाली’ असे म्हणणाऱ्या प्रोग्रामनेही थाप मारलेली नसते. या दोघांच्या मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल असतो. त्याने डेटा ताब्यात घेतलेला असतो, पण डिस्कवर उतरवलेला नसतो. ही दिरंगाई जाणूनबुजून केलेली असते आणि ती नसती तर संगणक असह्य वाटावा इतका संथ चालला असता. पुढे सगळीकडे उदाहरण लिनक्सचे घेतले आहे, कारण त्याचा कर्नल सर्वांना वाचायला खुला आहे आणि अँड्रॉइड फोनपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत तोच चालतो.

प्रोग्राम डिस्कला हात लावत नाही

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क कोणत्या प्रोग्रामला किती आणि केव्हा मिळेल, हे तो ठरवतो. कोणताही साधा प्रोग्राम स्वतः डिस्कवर लिहीत नाही. ‘एवढे बाइट या फाइलमध्ये लिही’ अशी विनंती तो कर्नलला करतो. कर्नल ते बाइट रॅममधल्या एका राखीव साठ्यात उतरवून घेतो. या साठ्याला पेज कॅशे म्हणतात. तो छोट्या छोट्या तुकड्यांत विभागलेला असतो आणि नेहमीच्या पीसीवर असा एक तुकडा, म्हणजे एक पेज, ४०९६ बाइटचे असते. ज्या पेजमध्ये नवा मजकूर आला आहे पण डिस्कवर अजून जुनाच आहे, त्या पेजवर कर्नल ‘डर्टी’ अशी खूण करतो. त्यात खराब असे काही नसते. उलट तीच सर्वांत ताजी प्रत असते. खूण करून झाली की कर्नल प्रोग्रामला ‘लिहिले’ असे कळवतो आणि प्रोग्राम पुढच्या कामाला लागतो.

या क्षणी डिस्कवर एक बाइटही गेलेला नसतो. तरीही दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तीच फाइल वाचली तर त्याला नवाच मजकूर मिळतो, कारण वाचतानाही कर्नल आधी पेज कॅशेत पाहतो. त्यामुळे संगणक चालू असेपर्यंत हा फरक कोणाच्या लक्षातच येत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. विनंती कर्नलकडे पोहोचल्यानंतर प्रोग्राम कोसळला तरी डेटा जात नाही, कारण तो प्रोग्रामच्या नव्हे, तर कर्नलच्या ताब्यात असतो. जातो तो प्रोग्रामने स्वतःच्याच मेमरीत साठवून ठेवलेला आणि कर्नलला अजून न दिलेला मजकूर. ‘प्रोग्राम बंद पडला आणि फाइल गेली’ या तक्रारींपैकी बऱ्याच या प्रकारात मोडतात आणि त्यांत कर्नलचा काही संबंध नसतो.

पाटी आणि खतावणी

गर्दीच्या वेळी किराणा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाची उधारी खतावणीत त्या त्या नावाचे पान शोधून लिहीत बसत नाही. तो समोरच्या पाटीवर खडूने नाव आणि रक्कम टिपतो आणि गर्दी ओसरल्यावर सगळ्या नोंदी एकदम खतावणीत उतरवतो. एकाच गिऱ्हाइकाच्या चार नोंदी असतील तर खतावणीचे पान एकदाच उघडावे लागते. कोणी उधारी घेऊन तासाभरात चुकती केली तर ती नोंद खतावणीत जातच नाही. पेज कॅशे म्हणजे ही पाटी आणि डिस्क म्हणजे खतावणी. पाटीवरून खतावणीत नोंदी उतरवण्याच्या कामाला राइटबॅक म्हणतात. पाटी पुसली गेली तर काय, हा प्रश्न अर्थातच उरतो. त्याकडे पुढे येऊ.

या सोयीमागचे आकडे पाहण्यासारखे आहेत. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा आणि हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी काही मिलिसेकंद धरले, तर विखुरलेल्या जागी एकेक नोंद करायची असल्यास सेकंदाला जेमतेम शंभरेक नोंदी होतात. रॅममध्ये तेच काम नॅनोसेकंदांच्या हिशेबात उरकते. दोहोंतला फरक लाखाच्या घरात जातो.

‘पण आता एसएसडी आली आहे, तिला कुठे फेरे घ्यायचे असतात?’ हा आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. एसएसडीला फिरावे लागत नसले तरी तिच्यातली फ्लॅश मेमरी लिहिलेल्या जागेवरच पुन्हा लिहू देत नाही. आधी एक मोठा ठोकळा पुसावा लागतो, आणि पुसण्याच्या वेळा मर्यादित असतात. एखादा प्रोग्राम पन्नास-पन्नास बाइटच्या ओळी लॉग फाइलमध्ये घालत असेल आणि प्रत्येक ओळ लगेच एसएसडीवर जाऊ लागली, तर एकच पेज ऐंशीएक वेळा लिहिले जाईल. पेज कॅशेमुळे ते बहुधा एकदाच जाते. तात्पुरत्या फायलींना तर याहून मोठा फायदा होतो. सॉफ्टवेअर बांधताना शेकडो मधल्या फायली तयार होतात आणि लगेच पुसल्या जातात. त्यांतल्या बऱ्याचशा डिस्कपर्यंत कधी पोहोचतच नाहीत.

उतरवायला केव्हा घेतात?

राइटबॅक सुरू होण्याची चार कारणे असतात: वेळ झाली, डेटा फार साचला, कोणीतरी स्पष्ट मागणी केली किंवा मेमरी कमी पडू लागली.

वेळेचा हिशेब असा. कर्नलमधला फ्लशर नावाचा कामकरी दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून अधिक काळ डर्टी राहिलेला डेटा डिस्ककडे पाठवू लागतो. हे दोन्ही आकडे बदलता येतात, पण फारसे कोणी बदलत नाही. वय मोजले जाते ते एकेका पेजचे नव्हे, तर फाइलचे, म्हणजे ती फाइल स्वच्छ असताना पहिल्यांदा केव्हा बदलली तेथपासूनचे. प्रत्येक पेजची जन्मवेळ सांभाळत बसणे कर्नलला परवडणारे नाही. अर्ध्या मिनिटाची ही प्रथा लिनक्सची स्वतःची नाही. जुन्या युनिक्समध्ये ‘अपडेट’ नावाचा एक छोटा प्रोग्राम मागे चालू असे आणि दर ३० सेकंदांनी सगळे डिस्कवर उतरवा असा आदेश देत असे. यंत्रे लाखपट बदलली, आकडा तोच राहिला.

साचण्याच्या मर्यादा दोन आहेत. डर्टी डेटा वापरण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांवर गेला की फ्लशर वेळेची वाट न पाहता कामाला लागतो, पण प्रोग्रामना त्याची झळ लागत नाही. २० टक्के ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या जवळ जाऊ लागताच लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच आवर घातला जातो. ‘वापरण्याजोगी’ मेमरी म्हणजे एकूण रॅम नव्हे, तर मोकळी आणि सहज मोकळी करता येणारी रॅम.

आता सुरुवातीचे कोडे सोडवता येते. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर साधारण १२ जीबी मेमरी अशी वापरण्याजोगी असेल, तर पहिली मर्यादा १.२ जीबी आणि दुसरी २.४ जीबी येते. प्रोग्रामला आवरणे सुरू होते ते या दोहोंच्या मध्यावर, म्हणजे १.८ जीबीच्या आसपास. दीड जीबीचा व्हिडिओ त्याच्या आतच बसतो. तो कोणत्याही अडथळ्याविना रॅममध्ये जातो आणि कॉपी करणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने काम संपते. पेन ड्राइव्ह मात्र सेकंदाला १० एमबीच्या वेगाने लिहीत असेल तर त्याला तेवढ्यासाठी दीडशे सेकंद लागतात. ‘इजेक्ट’ म्हणजे त्या ड्राइव्हचा साचलेला सगळा डेटा उतरवा आणि मगच त्याला मोकळे करा अशी मागणी. अडीच मिनिटांची ती सूचना कॉपीची खरी वेळ दाखवत असते. फसवी असते ती आधीची पट्टी.

हे डोळ्यांनी पाहता येते. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरात ‘मेमइन्फो’ ही फाइल असते. ती डिस्कवर नसतेच. उघडली की कर्नल त्या क्षणाचे आकडे भरून देतो. तिच्यात ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ अशा दोन ओळी असतात. पहिलीत उतरवायचा बाकी डेटा दिसतो, तर दुसरीत या क्षणी डिस्ककडे निघालेला. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ही फाइल दर सेकंदाला दिसत राहील अशी व्यवस्था करून शेजारी मोठी फाइल कॉपी करावी. ‘डर्टी’चा आकडा काही शे केबींवरून एकदम दहा लाख केबींच्या पुढे उसळतो. थोड्या वेळाने ‘राइटबॅक’ची शून्यावर बसलेली ओळ हलू लागते आणि ‘डर्टी’ सावकाश उतरू लागते. मग ‘सिंक’ ही आज्ञा द्यावी: साचलेले उतरेपर्यंत टर्मिनल पुढची आज्ञा घेत नाही. आकडा अगदी शून्यावर मात्र क्वचितच येतो, कारण ब्राउझर आणि लॉग लिहिणारे प्रोग्राम मागे भर घालतच असतात.

उतरवणारा कोण?

लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात हे काम ‘बीडीफ्लश’ नावाचा धागा (थ्रेड), म्हणजे कर्नलमध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामकरी, करत असे. कर्नलच्या २.६ या आवृत्तीमालिकेत त्याच्या जागी ‘पीडीफ्लश’ आला. त्याचे गरजेनुसार दोन ते आठ धागे असत आणि ते सगळ्या डिस्कांचे काम मिळून करत. अडचण अशी की एखादी संथ डिस्क या धाग्यांना अडकवून ठेवू शके आणि शेजारची चपळ डिस्क रिकामी बसून राही. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या २.६.३२ या आवृत्तीत कर्नलचे एक विकसक येन्स आक्सबो यांनी प्रत्येक डिस्कला स्वतःचा फ्लशर दिला. २०१३ मधल्या ३.१० पासून हे काम कर्नलच्या ‘केवर्कर’ नावाच्या सामाईक कामकऱ्यांकडे गेले. प्रोग्रामांच्या यादीत ‘केवर्कर’ आणि ‘फ्लश’ अशा जोडनावाचा कोणी डिस्क वापरताना दिसला तर तो व्हायरस नव्हे, हाच तो.

फ्लशरकडे आपल्या डिस्कवरच्या डर्टी फायलींची यादी असते आणि सर्वांत जुनी फाइल तो आधी घेतो. एकच प्रचंड फाइल घेऊन तो बसून राहत नाही. तिचा काही भाग उतरवून पुढच्या फाइलकडे वळतो, नाहीतर चित्रपटाच्या मागे चार ओळींचे पत्र ताटकळत राहील. पेज डिस्ककडे निघाले की त्याची ‘डर्टी’ खूण काढून ‘राइटबॅक’ची खूण लावली जाते आणि डिस्कने काम झाल्याचे कळवले की तीही निघते. पेज वाटेत असताना कोणी त्यात पुन्हा बदल केला तर ते नव्याने डर्टी होते आणि पुढच्या फेरीत जाते.

प्रोग्रामला लगाम

मर्यादा जवळ आली की लिहिणाऱ्या प्रोग्रामला थांबवावेच लागते, नाहीतर रॅम भरेल. पूर्वी कर्नल अशा प्रोग्रामलाच राइटबॅकच्या कामाला जुंपत असे. अनेक प्रोग्राम एकाच वेळी डिस्कवर आपापले तुकडे लिहू लागले की हेड सैरावैरा धावे आणि सगळेच मंदावत. जानेवारी २०१२ च्या ३.२ आवृत्तीत आणखी एक विकसक वू फेंगग्वांग यांनी ही पद्धत बदलली. आता लिहिणे फक्त फ्लशर करतो. प्रोग्रामला कर्नल लहान लहान डुलक्या घ्यायला लावतो, एका वेळी फार तर २०० मिलिसेकंदांची. डिस्कचा खरा वेग किती आहे याचा अंदाज कर्नल सतत बांधत असतो आणि त्यानुसार डुलकीची लांबी ठरवतो. मोठी कॉपी आधी सुसाट आणि मग एकाएकी पेन ड्राइव्हच्या खऱ्या वेगावर का येते, याचे उत्तर येथे आहे.

संथ पेन ड्राइव्हमुळे सगळा संगणक अडखळतो ही तक्रारही जुनी आहे. जानेवारी २००८ च्या २.६.२४ पासून मर्यादेतला वाटा प्रत्येक डिस्कला तिच्या वेगाच्या प्रमाणात मिळतो, पण दुसरी कोणतीही डिस्क लिहीत नसेल तर जवळजवळ सगळा वाटा त्या संथ ड्राइव्हच्याच पदरात पडतो. २०१३ मध्ये यावर पुन्हा वाद झाला तेव्हा स्वतः लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीच दाखवून दिले की टक्केवारीची ही कल्पना ८ ते ६४ एमबी मेमरीच्या काळातली आहे. ८ एमबीच्या २० टक्के म्हणजे दीडएक एमबी; तेवढे कोणतीही डिस्क चुटकीसरशी उतरवेल. १६ जीबीच्या २० टक्क्यांबद्दल असे म्हणता येत नाही. तरीही १० आणि २० हे आकडे आजतागायत बदललेले नाहीत. माझ्या मते ही कर्नलच्या जनकांची सावधगिरी कमी आणि अनास्था जास्त आहे.

आणि लाइट गेली तर?

पाटी पुसली गेली. वीज गेली, कर्नलच कोसळला किंवा पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद केला, तर रॅममधली डर्टी पेजेस जातात. साधारणपणे शेवटच्या अर्ध्या मिनिटातले काम धोक्यात असते, डिस्क संथ असेल आणि बरेच साचले असेल तर त्याहून अधिक.

‘आमच्याकडे जर्नल असलेली फाइल सिस्टिम आहे’ असे उत्तर यावर अनेकदा मिळते. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर फायली कोठे आणि कशा ठेवायच्या याची व्यवस्था, आणि जर्नल म्हणजे तिने आपल्या रचनेतले बदल करण्याआधी केलेली नोंद. तिच्यामुळे कोणती फाइल कोठे आहे याचा घोळ होत नाही. फाइलमधला मजकूर वाचेलच अशी हमी ती नेहमीच्या रचनेत देत नाही. २००९ मध्ये हे अनेकांना ठेच लागून कळले. तोपर्यंत प्रचलित असलेली एक्स्ट३ ही फाइल सिस्टिम दर ५ सेकंदांनी जर्नल पक्के करी आणि त्याआधी त्या फायलींचा मजकूर डिस्कवर उतरवी. नव्या एक्स्ट४ मध्ये वेग वाढवण्यासाठी मजकुराला डिस्कवर जागा देण्याचे कामच राइटबॅक होईपर्यंत लांबणीवर टाकले गेले. मग असे होऊ लागले: डेस्कटॉपचा एखादा प्रोग्राम आपली सेटिंगची फाइल रिकामी करून नव्याने लिहितो, फाइल रिकामी झाल्याची नोंद पाच सेकंदांत पक्की होते, नवा मजकूर मात्र रॅममध्येच असतो. नेमका तेव्हा संगणक बंद पडला की पुढच्या खेपेला शून्य बाइटची फाइल हाती येते, जुना मजकूरही नाही आणि नवाही नाही.

एक्स्ट४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांचे म्हणणे होते की प्रोग्रामने खात्री मागितलीच नाही, तर ती मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. वापरणाऱ्यांचे म्हणणे होते की काल चालत होते ते आज का मोडले. नियमाच्या दृष्टीने त्सो बरोबर होते, व्यवहाराच्या दृष्टीने लोक. अखेर त्याच वर्षीच्या २.६.३० मध्ये तडजोड झाली. जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल नाव बदलून आणली किंवा रिकामी करून पुन्हा लिहिलेली फाइल बंद केली, तर एक्स्ट४ तिचा मजकूर लांबणीवर टाकत नाही.

लॅपटॉपची बॅटरी किंवा घरचा इन्व्हर्टर वीज जाण्याचा धोका घालवतो, पण कर्नल कोसळण्याचा नाही आणि उपसलेल्या पेन ड्राइव्हचा तर मुळीच नाही.

खात्री मागायची कशी?

खात्री हवी असेल तर प्रोग्रामने ‘एफसिंक’ ही विनंती करायची असते. ‘या फाइलचा सगळा डर्टी डेटा डिस्कवर उतरव आणि उतरल्यावरच मला उत्तर दे’ असा तिचा अर्थ. फाइल नवी असेल तर ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरासाठीही हीच विनंती वेगळी करावी लागते, नाहीतर मजकूर सुरक्षित आणि नाव गायब अशी विचित्र अवस्था उद्भवू शकते. चांगले प्रोग्राम महत्त्वाची फाइल जागच्या जागी बदलत नाहीत. नवी फाइल लिहितात, एफसिंक करतात आणि मग तिला जुन्या फाइलचे नाव देतात. कोणत्याही क्षणी वीज गेली तरी जुनी किंवा नवी यांपैकी एक फाइल पूर्ण मिळते.

मग सगळेच प्रोग्राम प्रत्येक वेळी एफसिंक का करत नाहीत? कारण ती महाग आहे. २००८ मध्ये आलेला फायरफॉक्स ३ ब्राउझर आपला इतिहास एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवू लागला आणि वारंवार एफसिंक करू लागला. एक्स्ट३ वर एका फाइलची एफसिंक मागितली की इतर फायलींचा साचलेला मजकूरही ओघाने उतरे. त्यामुळे मागे मोठी कॉपी चालू असताना एखादे पान उघडले की ब्राउझर काही सेकंद गोठून जाई. डेटाबेस चालवणारे म्हणून आधी सगळे बदल एका सलग लॉगमध्ये लिहितात, एफसिंक फक्त त्या लॉगची करतात आणि अनेक व्यवहारांची मिळून एकच करतात. व्यवहार पक्का झाल्याचे उत्तर ग्राहकाला त्यानंतर जाते.

एफसिंकच फसली तर?

या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा आहे. राइटबॅक मागे, प्रोग्रामच्या अपरोक्ष चालतो. समजा फ्लशरने एक पेज पाठवले आणि डिस्कने ‘लिहिता आले नाही’ असे कळवले. हे सांगायचे कोणाला? ज्याने लिहिले तो प्रोग्राम कदाचित केव्हाच बंद झाला असेल. लिनक्स चूक झाल्याची नोंद ठेवतो आणि पुढच्या एफसिंकला ती कळवतो. मात्र तोपर्यंत त्या पेजवरची ‘डर्टी’ खूण निघालेली असते. प्रोग्रामने ‘पुन्हा प्रयत्न करू’ म्हणून दुसऱ्यांदा एफसिंक केली तर उतरवण्यासारखे काही उरलेले नसते आणि उत्तर येते: यशस्वी. डेटा मात्र डिस्कवर कधी पोहोचलेलाच नसतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांना हे २०१८ मध्ये कळले तेव्हा मोठी खळबळ उडाली, कारण त्यांचा प्रोग्राम अनेक वर्षे ‘अयशस्वी झाली तर पुन्हा मागू’ याच समजुतीवर चालत होता. कर्नलची बाजूही पोकळ नव्हती. कोणी पेन ड्राइव्ह उपसला तर त्याची डर्टी पेजेस परत कधीही उतरणार नाहीत. ती कायम धरून ठेवली तर रॅम अशा अनाथ पेजेसनी भरून जाईल. २०१७ मधल्या ४.१३ आवृत्तीत एवढी सुधारणा आधीच झाली होती की फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला चूक निदान एकदा कळेल. त्यापूर्वी जो आधी विचारी त्याला उत्तर मिळे आणि बाकीचे अंधारात राहत. पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत कठोर पण योग्य मार्ग धरला: एफसिंक एकदा फसली की डेटाबेस स्वतःहून थांबतो आणि पुन्हा सुरू होताना लॉगमधून सगळे बदल नव्याने लागू करतो.

डिस्कच्या पोटातली आणखी एक पाटी

कर्नलने डेटा पाठवला म्हणजे तो पक्का झाला असेही नाही. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्या आत स्वतःची छोटी मेमरी असते. डेटा तेथे आला की त्या ‘मिळाला’ असे कळवून मोकळ्या होतात. म्हणून एफसिंकच्या वेळी लिनक्स डिस्कला पोटातलेही सगळे पक्के करण्याचा वेगळा आदेश देतो. मॅकमध्ये साधी एफसिंक एवढे करत नाही. त्यासाठी ‘एफ-फुल-एफसिंक’ ही निराळी मागणी करावी लागते. सर्व्हरसाठीच्या महागड्या एसएसडींमध्ये कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेली तरी पोटातला डेटा फ्लॅशवर उतरवण्यापुरती ऊर्जा ते पुरवतात, आणि त्यामुळे एफसिंकही त्यांच्यावर स्वस्त पडते.

मग हे सरळ बंद का करू नये?

करता येते. डिस्क ‘सिंक’ पर्यायाने जोडली तर प्रत्येक लिहिणे थेट डिस्कवर जाते. पेन ड्राइव्हसाठी मात्र हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे. वेग कोसळतो आणि फाइल सिस्टिमचे तेच तेच तक्ते पुन्हा पुन्हा लिहिले गेल्याने फ्लॅश लवकर झिजते. डिस्क जोडण्याच्या आज्ञेच्या माहितीपत्रातच तसा इशारा दिलेला आहे. फॅट पद्धतीच्या ड्राइव्हसाठी ‘फ्लश’ नावाचा मधला पर्याय आहे. तो रोजच्यापेक्षा लवकर उतरवायला घेतो, आणि अनेक लिनक्स डेस्कटॉप तो आपणहून वापरतात. विंडोजने २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून काढघाल करण्याच्या ड्राइव्हसाठी मूळ सेटिंगच ‘क्विक रिमूव्हल’ असे ठेवले. त्यात वेग थोडा कमी मिळतो, पण ड्राइव्ह काढताना फारसे काही बाकी राहिलेले नसते. विंडोजवरून लिनक्सवर आलेल्या माणसाचा गोंधळ बराचसा या फरकामुळे होतो.

ज्यांना लिनक्सवर कॉपीची पट्टी खरी हवी आहे त्यांनी टक्केवारी सोडून थेट आकड्यात मर्यादा घालावी. ही सोय २००९ च्या २.६.२९ पासून आहे. ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ आणि ‘डर्टी बाइट्स’ अशी त्या दोन सेटिंगची नावे आहेत. पहिलीत ५० एमबी आणि दुसरीत २०० एमबी घातले की टक्केवारीचे आकडे आपोआप शून्य होतात. यात आतल्या वेगवान एसएसडीलाही तीच मर्यादा लागते, आणि मोठमोठ्या फायली लिहिणाऱ्यांना ती थोडी जाचते. तसे होत असेल तर २०२३ च्या ६.२ आवृत्तीपासून एकट्या त्या पेन ड्राइव्हपुरती कडक मर्यादा बाइटमध्ये घालता येते. ड्राइव्ह जोडताच ती लागू होईल असा नियम एकदा लिहून ठेवला की बाकीच्या डिस्कांना धक्का लागत नाही, आणि दीड जीबीची कॉपी पहिल्या सेकंदापासूनच अडीच मिनिटांची दिसू लागते.